पाचवी चिठ्ठी

टेबलावर पाच ताटल्या होत्या, पाच काटे, पाच सुऱ्या, ग्रेव्हीचे दोन जग, व्हिनेगरमधल्या लाल कोबीची एक बरणी आणि पाच कोऱ्या चिठ्ठ्या. खुर्च्या मात्र सहा होत्या. सहावी मॅक्सीनची. ती कुणी उचलून नेली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. रॉयस्टननं आल्या आल्या आपला ओला कोट तिच्यावर टाकला, तेव्हा गेनर उठली, तिनं तो कोट खुंटीला अडकवला आणि परत जागेवर येऊन बसली.

"माझ्या कोटानं तुझं काय घोडं मारलंय?" रॉयस्टन म्हणाला.

"खुंटी आहे की."

"खुंटीला गादी नसते बाई. कोट म्हातारा झालाय माझा."

"तुझ्याहून तरुण आहे तो," त्याची बायको शीला म्हणाली.

सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार होता आणि दुपारचा एक वाजायला सात मिनिटं कमी होती. 'टीझल' पबात त्यांचं टेबल सोडलं तर खिडकीपाशी एक जोडपं, बारपाशी उभे दोन गवंडी आणि एक कुत्रा, एवढीच वस्ती होती. शेगडीत लाकडं पेटलेली होती, कारण क्रॅगशॉच्या दरीत थंडी कॅलेंडरला विचारून येत नाही.

या पाच जणांचं नाव क्रॅगशॉ पाई मंडळ. अठरा वर्षांत त्यांनी दरीतला एकही पब सोडला नव्हता. दर दुसऱ्या गुरुवारी एक पब, आणि तिथं एकच जेवण: बीफ आणि बटाटा भरलेली जाड कवचाची पाई, मऊ शिजवून घोटलेले मटार आणि वर ग्रेव्ही. जेवण झालं की प्रत्येकानं चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे, दशांशापर्यंत, नाव न घालता. ट्रेव्हर बॅरक्लॉ हा मंडळाचा चिटणीस. तो चिठ्ठ्या गोळा करायचा, बेरीज करून माणसांच्या आकड्यानं भागायचा आणि फक्त सरासरी वाचून दाखवायचा. मग चिठ्ठ्या शेगडीत जायच्या. कुणी किती दिले हे विचारायचं नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही, हा नियम क्रमांक चार. ज्या पबची सरासरी सर्वांत जास्त, त्याच्या भिंतीवर मंडळाचं निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं टांगलं जायचं. गेली तीन वर्षं ते दरीच्या पलीकडच्या एका पबात होतं, ८.६० या आकड्यावर. ते तिथून काढून आणायचं तर ८.६० च्या वर जायला हवं होतं. बरोबरी चालत नव्हती.

आज पाई मॅक्सीनची होती.

मॅक्सीन हॉर्सफॉल आणि गेनर हेलिवेल अकराव्या वर्षी शाळेतल्या एका बाकावर बसल्या, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. हे मंडळसुद्धा मुळात त्या दोघींच्या मंगळवारांतून निघालेलं. दर मंगळवारी दुपारी दोघी कुठंतरी बाहेर जेवायच्या. कधी पबात, कधी बाजाराच्या दिवशीच उघडणाऱ्या कॅफेत, एका ताटलीत दोन काटे घालून. बाकीचे मागाहून येऊन चिकटले. मॅक्सीननं अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि तेवढ्या काळात तिच्या हातचं खाऊन एकाही पोरानं 'छान झालंय' म्हटलं नव्हतं. गेनर लोकरीच्या गिरणीत रंग तपासायची. दोन धाग्यांतला फरक दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत तिला दिसायचा. जिभेचंही तसंच होतं. मॅक्सीन काही नवं करायची तेव्हा पहिला घास गेनरला द्यायची आणि तिच्या तोंडाकडे टक लावून उभी राहायची.

मग फेब्रुवारीत फिलिपा आली. दक्षिणेकडची होती, उंच होती आणि हसताना मान मागं टाकायची. दोन वर्षं कुलूप लागलेला 'टीझल' तिनं चालवायला घेतला आणि स्वयंपाकाला मॅक्सीनला ठेवून घेतलं. गुरुवारी दुपारी मॅक्सीनला चूल सोडता येईना, म्हणून मंडळातली तिची खुर्ची रिकामी झाली. ते गेनरनं समजून घेतलं. पण मंगळवारी 'टीझल' बंद असायचा, आणि मंगळवारी फिलिपा मॅक्सीनला गाडीत घालून दुसऱ्या पबांमधून फिरवायची. कोण काय शिजवतं, कसं वाढतं, हे बघायला. अभ्यास म्हणायच्या त्या दोघी याला. फेब्रुवारीपासून आजपर्यंत तेहतीस मंगळवार झाले होते. त्यांतले चार गेनरच्या वाट्याला आले होते, आणि त्या चारांतल्या एकात मॅक्सीनला मध्येच फोन आला होता.

"आली, आली," फिलिपा मटारचं भांडं घेऊन टेबलाशी आली. "दोन मिनिटं फक्त. मॅक्स अगदी घाबरून गेलीय. काल रात्री डोळा लागला नाही म्हणे तिचा."

मॅक्स. अख्ख्या दरीत तिला मॅक्स कुणी म्हणत नव्हतं. मॅक्सीनची आई म्हणत नव्हती, नवरा होता तोवर तोही म्हणत नव्हता. गेनर आज बारा वाजून चाळीस मिनिटांनी आत आली, तेव्हापासून हे सहाव्यांदा होतं.

"आम्हाला घाबरते?" रॉयस्टन म्हणाला. "चाळीस वर्षं बस चालवली मी. लोक मला घाबरायला हवे होते, तेव्हा कुणी घाबरलं नाही."

"लोक होते कुठं तुझ्या बसमध्ये?" एनिड म्हणाली. एनिड ब्याऐंशी वर्षांची होती आणि अर्धा पाइंट काळी बिअर दोन तास पुरवायची. "माझ्या थांब्यावर तू कधी थांबलाच नाहीस."

"तू हात दाखवायची नाहीस!"

"मी काय भीक मागत होते? बस थांब्यावर थांबते, एवढंच मला माहीत."

फिलिपा मान मागं टाकून हसली. मग सहाव्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तिनं सहज सांगून टाकलं, "आज काहीही झालं तरी मी तिला विश्रांती देणार आहे. ऑक्टोबरात चार दिवस पब बंद. मॅक्सला घेऊन बेल्जियमला चाललेय. शिंपले खायचे, बिअरमध्ये शिजवलेलं मांस खायचं, छोट्या छोट्या खाणावळी हिंडायच्या. सांगितलंच असेल तिनं."

सगळ्यांनी गेनरकडे बघितलं. सांगितलं असेल तर तिलाच, हे उघड होतं.

"हो," गेनर म्हणाली. "सांगितलंय ना."

तिनं ग्रेव्हीचा जग उचलला, त्याची कड पुसली आणि परत ठेवला. तीन वेळा तिनं मॅक्सीनला परदेशी जाऊ या म्हणून विचारलं होतं. तिन्ही वेळा नाही आलं होतं. विमानात कान दुखतात, उन्हात कातडी सोलते, परकं अन्न पोटाला मानवत नाही. तिसऱ्या वेळी गेनर एकटीच गेली होती, आणि चौदा दिवस समुद्राकडे तोंड करून एका टेबलावर एका काट्यानं जेवली होती. आता मॅक्सीनचे कानही बरे झाले होते आणि पोटही.

पाई आल्या. फिलिपानं दोन हातांत दोन आणि परत येऊन तीन अशा आणल्या. किचनच्या दारात मॅक्सीन उभी होती. एप्रनला पीठ, गाल लाल, केस जाळीत कोंबलेले. तिनं टेबलाकडे बघून हात हलवला. तो हात सगळ्यांसाठी होता, की फिलिपासाठी, की आणखी कुणासाठी, हे वीस फुटांवरून सांगता येण्यासारखं नव्हतं. तो फिलिपासाठी आहे असं गेनरनं धरलं.

तिनं सुरी घातली. कवच आधी कुरकुरलं, मग सुटलं. बोटभर जाड, कडेला गडद, आतल्या बाजूनं रस पिऊन मऊ, आणि या दोन्हींमध्ये कच्चेपणाची रेघसुद्धा नाही. मांस काट्यानं तुटत होतं, बटाटा शाबूत होता. मिरी शेवटी लागायची, गिळून झाल्यावर. पहिल्या घासाला गेनरला कळलं की हे नऊच्या वर आहे. तिसऱ्या घासाला तिनं नक्की केलं: नऊ पॉइंट चार. मिठाचा एक कण जास्त नाही. वरच्या झाकणाच्या मधोमध कवच किंचित कमी भाजलंय, म्हणून सहा दशांश गेले. अठरा वर्षांत तिनं एवढे गुण कुणाला दिले नव्हते.

टेबलावर नुसते काटे वाजत होते. रॉयस्टनसुद्धा खाली मान घालून खात होता.

"मॅक्स म्हणते, पीठ रात्रभर गार ठेवायचं," फिलिपा मागून म्हणाली. आठवी वेळ. "ही युक्ती आम्ही दोघींनी मिळून शोधली. जूनमध्ये एका मंगळवारी, बरं का."

गेनरनं ताटली पुसून खाल्ली. मग चिठ्ठी डाव्या हाताच्या आडोशाला घेतली, पेन्सिल उचलली आणि लिहिलं: ५.०. पाचाची शेंडी तिनं नीट काढली.

ट्रेव्हरनं चिठ्ठ्या ग्रेव्हीच्या रिकाम्या जगमध्ये गोळा केल्या, एकेक उघडली आणि आपल्या वहीत आकडे उतरवले. एका चिठ्ठीशी तो थांबला, ती त्यानं उलटीसुलटी करून पाहिली आणि मग बाकीच्यांबरोबर ठेवली. बेरीज केली. परत केली. उठून पाचही चिठ्ठ्या शेगडीत टाकल्या आणि त्या काळ्या होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

"आठ पॉइंट चार चार," तो म्हणाला.

किचनच्या दारात मॅक्सीन होती. तिनं मान हलवली, जणू कुणीतरी वेळ विचारली होती आणि तिनं सांगितली होती. हात एप्रनला पुसले, परत पुसले.

"काय?" रॉयस्टन म्हणाला. "ट्रेव्हर, गणित विसरलास की काय? आठ पॉइंट चार चार? मी एकट्यानं साडेनऊ दिलेत!"

"नियम चार," ट्रेव्हर म्हणाला.

"खड्ड्यात गेला नियम चार. शीला, तू किती दिलेस?"

"नऊ पॉइंट चार," शीला म्हणाली. "आणि मी तर कुणाला आठच्या वर देत नाही."

"मी नऊ," एनिड म्हणाली. "कडा चावल्या नाहीत म्हणून एक कापला. तो दातांचा दोष, पाईचा नाही. पण कापला."

गेनरच्या डोक्यात आकडे आपोआप एकाखाली एक बसत होते. तीन कळले होते, दोन उरले होते. अजून जागा होती. अजून कमी देणारा ट्रेव्हर असू शकत होता.

रॉयस्टनलाही तेच सुचलं. "म्हणजे तूच, ट्रेव्हर! लेका, तुझा हात आधीच आखडता. स्वतःच्या लग्नात केकसुद्धा तू पट्टीनं मापून कापला होतास!"

"मी नाही!" ट्रेव्हरच्या मानेवर लाल डाग चढले. "अठरा वर्षं मी या मंडळाचं इमानानं... मी नऊ पॉइंट तीन दिलेत. नऊ पॉइंट तीन!"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलंय. तो मटकन बसला.

एनिडनं डोळे मिटले. चाळीस वर्षं तिनं पबांमधल्या डार्ट्सच्या सामन्यांत फळ्याशी उभं राहून खडूनं गुण मांडले होते. बाण फळ्यात रुतायच्या आत तिची वजाबाकी झालेली असायची. "चौघांचे मिळून सदतीस पॉइंट दोन," ती म्हणाली. "सरासरीची पाचपट म्हणजे बेचाळीस पॉइंट दोन. राहिले पाच." तिनं डोळे उघडले. "पाच पूर्ण."

आता बोलायचं राहिलेलं माणूस टेबलावर एकच होतं.

मॅक्सीन दारातून निघाली आणि टेबलापाशी आली. गेनरला वाटलं, ती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मॅक्सीननं सहावी खुर्ची ओढली, बसली आणि एनिडच्या ताटलीत राहिलेल्या कडेचा तुकडा काट्यावर घेतला.

"काय चुकलंय?" तिनं विचारलं.

"मॅक्स, काहीही चुकलेलं नाहीये," फिलिपा म्हणाली. "पाई अप्रतिम आहे. मी सकाळीच—"

"तू गप्प बस गं, फिलिपा. तुला काय कळतंय त्यातलं? तू दक्षिणेकडची, तुमच्याकडं पाईला नुसतं झाकण असतं, खाली बूड नसतं." तिनं तुकडा चावला, सावकाश, गेनरकडे बघत. "गेनरनं पाच दिलेत म्हणजे काहीतरी चुकलंय. हिची जीभ मला माहितीये. चरबी का? या वेळी मी चरबी थोडी कमी करून लोणी घातलं. की पीठ गार ठेवल्यानं घट्ट झालं? सांग ना. मी आज सकाळी चारदा चाखली आणि मला काही सापडलं नाही."

'हिची जीभ मला माहितीये.' सात महिने गेनर ज्या वाक्याची वाट बघत होती ते हेच होतं, आणि ते आत्ता, सगळ्यांसमोर, या कामासाठी आलं होतं. फिलिपाचा चेहरा पडलेला तिला दिसला. त्यातून जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

"मिरी," गेनरच्या तोंडून निघून गेलं.

"मिरी?"

"मागाहून लागते. जरा जास्त."

मॅक्सीननं आणखी एक तुकडा खाल्ला. गिळून थांबली. मग तिनं मान डोलावली, कानामागची पेन्सिल काढली आणि एप्रनच्या खिशातल्या चिटोऱ्यावर लिहायला लागली. "बरोबर आहे तुझं. मला ती आवडत होती म्हणून मला कळलं नाही. उद्यापासून मिरी अर्धी." ती लिहिता लिहिता म्हणाली, "निम्म्यानं कमी करते."

मिरी अर्धी केली असती तर ती पाई मेली असती. दरीतल्या दहा पबांसारखीच अकरावी झाली असती. हे त्या खोलीत फक्त गेनरला माहीत होतं.

"लिहू नकोस," गेनर म्हणाली.

"का?"

"मिरी बरोबर आहे. चरबीही. सगळंच. पाईत काही चुकलेलं नाहीये." तिनं लाल कोबीची बरणी थोडी सरकवली, परत जागेवर आणली. "नऊ पॉइंट चार होती. मी पाच लिहिले."

कुत्र्यानं कूस बदलली. बारपाशी उभे गवंडी आपलं बोलणं थांबवून ऐकत होते आणि ऐकत नसल्याचं दाखवत होते.

"का?" मॅक्सीननं परत विचारलं. आवाज तोच होता.

"बेल्जियम."

"काय बेल्जियम?"

"मी तीनदा विचारलं तुला. कान दुखतात म्हणालीस."

मॅक्सीन तिच्याकडे बघत राहिली. "अगं, तू मला चौदा दिवस वाळूत पडायला बोलावत होतीस. मी वाळूत पडून काय करू? मासा आहे का मी? हे चार दिवस स्वयंपाकघरं बघायचीत. तीही रेल्वेनं."

"मला तू सांगितलंही नाहीस."

"तुझं तोंड असं होईल म्हणून नाही सांगितलं! हे बघ, झालंच की नाही? सात महिन्यांत एकदा तरी त्या दारातून आत आलीस का तू?" तिनं किचनकडे पेन्सिल रोखली. "मागचं दार उघडं असतं. मी पीठ मळत असते. तू घंटी वाजवून पुढच्या दारानं येतेस, इथं बसतेस आणि मोजत असतेस. मला काय दिसत नाही? ही कितीदा हसली, मी कितीदा बाहेर आले."

"फिलिपा तुला मॅक्स म्हणते," गेनर म्हणाली. हे बोलायचं नव्हतं. एकोणसाठाव्या वर्षी माणसानं हे बोलू नये, हे तिला कळत होतं.

"मलाही आवडत नाही ते," मॅक्सीन म्हणाली.

"आवडत नाही?" फिलिपा म्हणाली. "फेब्रुवारीपासून म्हणतेय मी! मग सांगायचं नाही का?"

"पगार देणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी काय सांगणार? आणि नंतर उशीर झाला."

रॉयस्टनला हसू आलं. शीलानं टेबलाखालून त्याला लाथ मारली.

मॅक्सीननं चिटोरं चुरगळलं. "मला ते भांडं हवं होतं, गेनर. अठ्ठावीस वर्षं मी पोरांच्या ताटल्यांतलं उरलेलं बादलीत ओतलंय. मला ते एकदा भिंतीवर हवं होतं. आणि तुला ते माहीत होतं." आता तिचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तुलाच माहीत होतं."

"हो," गेनर म्हणाली.

ट्रेव्हर इतका वेळ वही चाळत होता. त्यानं घसा खाकरला. "नियम क्रमांक नऊ," तो म्हणाला. "एखाद्या सभासदानं आपले गुण खरे नव्हते असं सर्वांसमक्ष कबूल केलं, तर फेरी पुन्हा घ्यावी. त्याच दिवशी, एकाच वेळी भट्टीतून निघालेल्या पाईंवर. प्रत्येकानं पूर्ण पाई खाऊन."

"हा कधी केलास?" एनिडनं विचारलं.

"दुसऱ्या वर्षी. रॉयस्टनमुळे."

"माझ्यामुळे? मी कधी खोटे गुण दिले?"

"दिलेस. कबूल केलं नाहीस."

"पूर्ण पाई म्हणजे आणखी एक?" शीलानं पोटावर हात ठेवला. "ट्रेव्हर, मला घरी चालत जायचंय."

"बारा केल्या होत्या मी," मॅक्सीन उठत म्हणाली. "पाच तुम्ही खाल्ल्यात, दोन त्या खिडकीपाशी गेल्या. पाच उरल्यात. वीस मिनिटांत गरम करते." ती गेनरकडे वळली. "आणि तू. रविवारपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाहीये. रागावणार आहे मी, नीट, पोटभर. सोमवारी सकाळी मागच्या दारानं ये. आणि आता जेवढे असतील तेवढेच लिही. माझ्यावर दया करून एक दशांश जरी वाढवलास ना, तर सोमवारीही येऊ नकोस."

वीस मिनिटांनी पाच पाई आल्या. एनिडनं आधी कवच फोडून वाफ जाऊ दिली आणि मग ती एखाद्या औषधासारखी चमच्यानं खायला लागली. रॉयस्टननं पट्टा दोन भोकं सैल केला. शीला प्रत्येक घासानंतर खिडकीबाहेर बघत होती. ट्रेव्हर पूर्ण खाल्लीय याची खात्री पटावी म्हणून ताटली तिरकी धरून सगळ्यांना दाखवत होता. ग्रेव्ही या वेळी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. फिलिपा बारमागं उभी राहून एकच ग्लास पुसत होती. किचनचं दार बंद होतं.

गेनरचंही पोट तुडुंब होतं. तरी तिनं आधी डोळे मिटून कवचाचा तुकडा नुसता खाल्ला, मग नुसतं मांस, मग दोन्ही मिळून. मिरी तिथंच होती, शेवटी. झाकणाच्या मधोमध तोच किंचित कमी भाजलेला भाग. तिनं चिठ्ठी ओढली. दहा लिहिले तर पहिल्या फेरीतलं सगळं फिटेल, असं तिला वाटून गेलं. बाकीच्यांनी नऊच्या आसपास दिले असतील, तर ८.६० ओलांडायला दहाची गरजच नव्हती. नसतील दिले, तर होती. समोर रॉयस्टन पेन्सिल चावत छताकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तिनं बंद दाराकडे पाहिलं. मग तिनं लिहिलं: ९.४.

ट्रेव्हरनं पाच चिठ्ठ्या उघडल्या, आकडे वहीत उतरवले, बेरीज दोनदा केली आणि भागलं. किचनचं दार उघडलं आणि मॅक्सीन उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आठ पॉइंट पाच आठ," ट्रेव्हर म्हणाला.